लाल पाण्याची वुपर नदी नेमकी कुणी स्वच्छ केली?

जर्मनीतली वुपर ही जेमतेम ११६ किलोमीटरची नदी. मारियनहाइडेजवळ उगम पावते तेव्हा तिचं नाव ‘विपर’ असतं. पुढे वुपर्टाल आणि झोलिंगन मागे टाकून लेव्हरकुझेनला ती ऱ्हाइनला मिळते. आज तिच्यात ट्राउट मासे आहेत, काठावर खंड्या दिसतो. जर्मन लोकांनी नदी साफ करून दाखवली, असं आपण पटकन म्हणतो. माझ्या मते ही अर्धीच गोष्ट आहे.

मुळात ती बिघडली तिच्या चांगल्या पाण्यामुळे. या पाण्यात चुना कमी, त्यामुळे सूत धुवायला आणि रंगवायला ते उत्तम. १५२७ मध्येच एल्बरफेल्ड आणि बार्मेनला सूत ब्लीच करण्याचा एकाधिकार मिळाला. मागोमाग रंगारी आले आणि सांडपाणी नदीत जाऊ लागलं. बार्मेनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक एंगल्सने १८३९ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, रंगाने लाल झालेल्या वुपरबद्दल लिहिलं. १८६३ मध्ये बायर कंपनीही इथेच सुरू झाली, कृत्रिम रंग बनवायला. ॲस्पिरिन बरंच नंतरचं!

दरीत जागा उरली नाही, तेव्हा १९०१ मध्ये रेल्वे चक्क नदीवर टांगली. १३.३ पैकी साधारण १० किलोमीटर मार्ग पाण्यावरून जातो. (१९५० मध्ये जाहिरातीसाठी डब्यात चढवलेलं टफी हे हत्तीचं पिल्लू थेट नदीत पडलं आणि वाचलं.) इंजिनीअर म्हणून मला हे भन्नाट वाटतं. पण नदी म्हणजे रिकामा प्लॉट, हाच त्यामागचा विचार.

मग सफाई कशी झाली? १९३० मध्ये स्थापन झालेल्या ‘वुपरफरबांड’ या संस्थेची सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि धरणं यांचं श्रेय मोठं आहे. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापड उद्योगच आटला, रंग सोडणारेच उरले नाहीत. जर्मनमध्ये ‘वुपरपलीकडे जाणं’ म्हणजे मरणं किंवा दिवाळं निघणं. इथल्या अनेक गिरण्या तशाच गेल्या, कामगारांच्या रोजगारासकट. ही किंमत सोडून फक्त प्रक्रिया केंद्रांचं कौतुक करणं मला पटत नाही.

साल्मनची पिल्लं सोडून तो मासा परत आणण्याचे प्रयत्नही इथे झाले. पाणी सुधारलं, तरी शहरातली नदी अजून भिंती आणि इमारतींमध्ये दाबलेलीच आहे. जुलै २०२१ च्या मुसळधार पावसात ती त्याच भिंतींवरून वुपर्टालच्या रस्त्यांवर आली.