कारागृहातील रंगमंच

कुवेतमधील एगैला येथे नोकरीनिमित्त वास्तव्य करणाऱ्या एका मराठी स्नेह्यांनी आम्हांस पत्राद्वारे विचारले आहे की, ज्यांनी दुसऱ्यांचे संसार उद्ध्वस्त केले, त्या कैद्यांना तुरुंगात नाटके शिकविणे ही पीडितांची क्रूर थट्टा नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच या वेळचे सदर आम्ही त्यासाठी योजिले आहे.

प्रथम अरब जगतातीलच एक उदाहरण घेऊ. लेबनॉनमधील रूमिये तुरुंगात झैना दक्काश या दिग्दर्शिकेने ४५ कैद्यांकडून १५ महिने तालीम करून घेतली आणि २००९ साली रेजिनाल्ड रोझ यांच्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' या नाटकाचे रूपांतर तुरुंगातच रंगमंचावर आणिले. 'एक रुका हुआ फैसला' हा हिंदी चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे कथानक परिचित आहे. खुनाचा आरोप असलेल्या एका मुलाचा निवाडा बारा पंचांनी करावयाचा असतो. जे स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले होते, तेच येथे पंचांच्या आसनावर बसले! दुसऱ्याचा जीव आपल्या एका शब्दावर अवलंबून आहे, हा भार त्यांना रोज तालमीत वाहावा लागला. प्रयोगास सरकारी अधिकारी व न्यायाधीशही आले. पुढे, सद्वर्तनी कैद्यांची शिक्षा कमी करण्याचा जो कायदा २००२ पासून केवळ कागदावर होता, त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

ज्यांनी हौशी नाटकांत काम केले आहे, त्यांना तालमीचे सामर्थ्य सांगावयास नको. वेळेवर यावे लागते, दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत थांबावे लागते, सोबत्याचा संवाद अडला तर त्यास सावरावे लागते. मुख्य म्हणजे दुसऱ्याच्या अंतःकरणात शिरून बोलावे लागते. समोरचा माणूस आपल्यासारखाच माणूस आहे, याचे विस्मरण झाले म्हणजे पुष्कळ गुन्हे घडतात. नाटक नेमके तेच स्मरण करून देते.

परंतु नवी भूमिका देण्यासाठी देणाऱ्याने विश्वास टाकावा लागतो. हे तत्त्व आपल्या महाराष्ट्रात ७० वर्षे आधीच आचरणात आले होते. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली 'स्वतंत्रपूर' ही भिंतींविना कैद्यांची वसाहत उभी राहिली. कैद्यांनी तेथे कुटुंबासह राहावे, शेती करावी आणि पळून जाऊ नये, एवढीच अपेक्षा! औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने झालेल्या या प्रयोगामागे मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधून आलेले ज्यू अभियंते होते, हे आपल्या वाचकांस विशेष वाटेल. भारतानंद या नावाने खादीव्रत आचरणारे हे गृहस्थ १९७६ साली मुंबईत निवर्तले. त्याच परिसरातील माडगूळचे सुपुत्र ग. दि. माडगूळकर यांनी या वसाहतीवरून कथा लिहिली, व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढून त्यातील जेलरची भूमिका स्वतः केली आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा सन्मान झाला. स्वतंत्रपूरची वसाहत आजही सांगली जिल्ह्यात आहे.

नाटकाने प्रत्येक कैदी सुधारतो, असे मात्र कोणी समजू नये. १९८० च्या दशकात स्वीडनमधील कैद्यांचा एक संच बाहेरगावी प्रयोगासाठी नेला असता बहुतेक नट पडदा उघडण्यापूर्वीच पसार झाले! तथापि पीडितांच्या दुःखाचा मान राखावयाचा, तर त्यांच्यासारखे आणखी पीडित होऊ नयेत, हेच पाहिले पाहिजे. बहुतेक कैदी एके दिवशी सुटतात आणि कुणाच्या तरी शेजारी राहावयास येतात. तेथे दुसऱ्याचे दुःख ओळखणारा मनुष्य यावा की केवळ दिवस मोजून आलेला?

वर्गातील द्वाड मुलाच्या हाती किल्ल्या सोपविल्या की तो पुष्कळदा सर्वांआधी शाळेत हजर होतो, हे आम्ही शिक्षकांनी अनेकदा पाहिले आहे. म्हणून आमची सर्व हौशी नाट्यमंडळींस विनंती आहे: शिक्षा भोगून आलेला कोणी आपल्या दाराशी आला, तर त्यास तालमीस बोलवा. आरंभी पडदा ओढण्याचे काम द्या. परंतु ते विश्वासाने द्या.