डब्यातली लिंबाची फोड

दोस्तांनो, आईने डब्यात भाकरी-उसळ दिली, की सोबतची लिंबाची फोड तुम्ही बाजूला सारता ना? थांबा! तिचं काम तर ऐका.

रक्तातलं हिमोग्लोबिन अंगभर प्राणवायू पोचवतं. ते बनायला लोह लागतं. लोह कमी पडलं, की जिना चढताना धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही.

बाजरीत, मटकीत लोह असतं. पण त्यांतलीच फायटेट्स त्याला धरून ठेवतात. लिंबातलं 'क' जीवनसत्त्व लोहाचं रूप बदलतं आणि मग लहान आतड्याच्या सुरुवातीलाच ते जास्त शोषलं जातं. पेरू, आवळाही चालेल. पण जेवणाबरोबरच हं! मटकीला मोड आणले, तर फायटेट्सही घटतात.

आणि जेवणावर लगेच चहा? नको रे बाबा! त्यातली टॅनिन्स लोहाला अडवतात. तासाभराने घ्या.

आईबाबांनो, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आढळला. मुलगी सारखी दमत असेल, तर नुसतं लिंबू पुरणार नाही. डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासून घ्या.

मग उद्या डबा उघडल्यावर आधी काय पिळणार?