कुत्रं पुढच्या लिफ्टनं

माझा मावसभाऊ कुत्री धुतो. पश्चिम उपनगरातल्या एका दुकानात. पाटीवर लिहिलंय 'पेट स्पा'. पोरगा बारावी झालेला. सकाळी दहा ते रात्री आठ हेच काम. कोमट पाण्यानं अंघोळ, शाम्पू, कंडिशनर. मग ब्लोअरनं केस वाळवायचे, कान पुसायचे, नखं कापायची, पंजांना मलम चोळायचं. वरून सुगंधी फवारा. एका कुत्र्याचं बिल दोन हजार. भावाची दिवसाची मजुरी पाचशे.

कधी घरी जाऊनही धुवावं लागतं. टॉवरखाली वॉचमन अडवतो, 'तू मागच्या लिफ्टनं जा.' मागची म्हणजे कचऱ्याच्या पिंपांची, मोलकरणींची. वॉचमनही आपल्यातलाच, त्यालाही तीच लिफ्ट. आणि धुतलेलं कुत्रं मालकिणीसोबत पुढच्या लिफ्टनं आरशात बघत उतरतं. भाऊ हे हसत सांगतो. मला हसू येत नाही.

मित्रांनो, कुत्र्यावर माझा राग नाही. त्यानं आपलं काय वाकडं केलंय? गावकुसाबाहेर आपल्या झोपड्यांची राखण त्यानंच केली. मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघा. चांडाळांनी गावाबाहेर राहावं, कुत्री आणि गाढवं हीच त्यांची संपत्ती, असं मनूनं लिहून ठेवलंय. म्हणजे कुत्रं आपल्या वाट्याचं. आज ते एसीत जाऊन बसलं. त्याचा विटाळ गेला. आपला?

घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. गावचा न्हावी म्हशी भादरायचा, पण महारामांगाच्या डोक्याला हात लावत नव्हता. म्हशीनं वस्तरा बाटत नव्हता, आमच्यानं बाटत होता. १९२७ साली बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते का? जनावरं पीत होती ते पाणी माणसाला बंद होतं म्हणून. १९५० साली घटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता गेली. १९५५ च्या कायद्यानं दुकानात मज्जाव करणं गुन्हा ठरला. जनावराला कुरवाळायचं आणि माणसाला टाळायचं, ही खोड मात्र टॉवरच्या बाराव्या मजल्यापर्यंत चढली. तीही पुढच्याच लिफ्टनं.

कोणी म्हणेल, मुक्या जनावराची निगा नको राखायला? राखा की! कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ, आपला साबण तिला चालत नाही. लांब केसांत गुंता झाला की खाली जखमा होतात, गोचिडी बसतात. नखं वाढली की चाल बिघडते. हे कसबाचं काम आहे आणि आपली पोरं ते नीट करतात. पण बर्फात राहणारा, दुहेरी केसांचा हस्की मुंबईच्या घामट हवेत आणून त्याला एसी लावायचा, ही माया नव्हे, ऐट आहे. चपट्या नाकाच्या पगला गरम हवेच्या पेटीत कोंडलं तर त्याचा जीवही जाऊ शकतो. अत्तराची गरज कुत्र्याला नाही, मालकाच्या नाकाला आहे.

भावाला दोनदा चावलं. मालकानं आधी काय विचारलं? 'कुत्र्याला काही लागलं नाही ना?' कुत्र्याच्या लसीचं कार्ड फाईलमध्ये जपून ठेवलेलं. भाऊ पालिकेच्या दवाखान्यात रांगेत, वर त्या दिवसाचा खाडा. रेबीजची लक्षणं दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. रोज कुत्री हाताळणाऱ्याला आधीच लस देता येते. ती कोणी द्यायची?

तिकडे २०१३ च्या कायद्यानं साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला बंदी केली. २०२३ साली सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना तीस लाख द्यायला सांगितलं. तरी माणसं उतरताहेत, मरताहेत. ह्या शहरात कुत्र्याच्या पंजाला मोजे मिळतात. गटारात उतरणाऱ्याच्या हाताला मिळत नाहीत.

कुत्र्याचा शाम्पू काढून घ्या असं आम्ही म्हणत नाही. धुणाऱ्याला पुरी मजुरी द्या. लस मालकाच्या खर्चानं द्या. चावलं तर भरपगारी रजा द्या. आणि लिफ्ट एकच.

येत्या रविवारी भावाची त्याच टॉवरमध्ये पाळी आहे. मी सोबत जाणार. पुढच्या लिफ्टनं. वॉचमनशी भांडायचं नाही, तो आपला आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीला खाली बोलवायचं आणि मज्जावाचा नियम कुठे लिहिलाय ते दाखव म्हणायचं. ज्याला यायचं त्यानं सकाळी नऊला नाक्यावर यावं.