किंमत वाढली, मोल कोठे गेले?

अमेरिकेत १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ या मासिकाचा पहिला अंक दहा सेंटना मिळत असे. ‘सुपरमॅन’ प्रथम अवतरला तो याच अंकात. त्याची एक प्रत २०२४ साली लिलावात ६० लाख डॉलरना विकली गेली. अशी वार्ता वाचली, की आपण तोंडात बोट घालून म्हणतो, ‘केवढी मौल्यवान वस्तू!’ माझा आक्षेप आहे तो नेमका ‘मौल्यवान’ या शब्दाला.

ही किंमत दुर्मिळतेची आहे. आणि दुर्मिळता आली कोठून? त्या अंकाच्या सुमारे २ लाख प्रती छापल्या गेल्या; आज शंभरेक उरल्या असाव्यात, असा अंदाज आहे. काही मुलांनी वाचून वाचून फाडल्या, काही रद्दीत गेल्या. दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याची मोहीम निघाली, तीत अशा चित्रकथांचे ढीगच्या ढीग लगद्यात गेले. म्हणजे आजची किंमत ही कालच्या अनास्थेवरील व्याज आहे.

येथे आपणा कॅथलिकांनाही मान खाली घालावी लागते. डिसेंबर १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एका कॅथलिक शाळेच्या विद्यार्थ्यांनी घरोघरी फिरून चित्रकथा गोळा केल्या आणि शाळेच्या आवारात त्यांची होळी केली. त्या काळी खून-मारामारीच्या चित्रकथांचा सुळसुळाट झाला होता, हे खरे. वडीलधाऱ्यांची चिंता निराधार नव्हती. परंतु आगीला विवेक नसतो. बरे-वाईट निवडण्यासाठी आधी वाचावे लागते.

हा विवेक आपल्याच लोकांनी अन्यत्र दाखविला होता. ‘ट्रेझर चेस्ट’ ही चित्रकथा-पत्रिका १९४६ पासून अमेरिकेतील कॅथलिक शाळांत जात असे. १९६४ साली तिने राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराची कथा क्रमशः छापली. त्याचा चेहरा शेवटपर्यंत झाकलेला होता. अखेरीस कळते, की तो कृष्णवर्णीय आहे! बालवाचकाच्या मनातील वर्णभेदाची याहून सुंदर परीक्षा कोणती? लिलावात तिला लाखो डॉलर मिळत नाहीत. म्हणून तिचे मोल कमी म्हणावे काय?

बाजाराचा न्याय पाहावयाचा असेल, तर निर्मात्यांकडे पाहा. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांना त्या पहिल्या कथेचे १३० डॉलर मिळाले आणि सुपरमॅनवरील हक्क हातचे गेले. लोकांनी आवाज उठविल्यावर १९७५ साली त्यांना वार्षिक मानधन सुरू झाले.

संग्राहक म्हणतील, ‘तुम्ही फेकले ते आम्ही जपले.’ हे मान्य, आणि त्याबद्दल त्यांचे ऋणही मान्य. पण जपले कोणासाठी? आज महागड्या अंकाला त्याच्या अवस्थेनुसार १० पैकी गुण देऊन पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत मोहोरबंद करतात. पेटी उघडली, की ते गुण बाद! म्हणजे वाचले की किंमत घसरते. धन्याचे धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला आपण जाणतो. त्याने धन गमावले नव्हते. केवळ निष्फळ ठेवले होते. याउलट वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठाने ‘ट्रेझर चेस्ट’चे अंक संगणकावर सर्वांना वाचण्यासाठी खुले केले आहेत. जपणे म्हणतात ते याला!

वाचकहो, आपल्याकडेही १९६४ ते १९९० या काळात मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघत असे आणि वेताळाच्या गोष्टी मराठीतूनही घरोघर पोहोचत असत. आज त्या अंकांनाही संग्राहक शोधत फिरतात. आपल्या माळ्यावर एखादा सापडला, तर रद्दीवाल्याला हाक मारू नका. त्याचा भाव विचारायलाही धावू नका. हात स्वच्छ धुऊन नातवंडाला शेजारी बसवा आणि पहिले पान उघडा. त्या घटकेची बोली कोणत्याही लिलावात लागत नाही.