सहा टिंबांची थट्टा

मोटारीत बसूनच पैसे काढावयाच्या अमेरिकेतील यंत्रांवर ब्रेल अक्षरे असतात. ‘अंध मोटार हाकतो काय?’ असे म्हणून लोक हसतात. मागच्या आसनावरील अंध माणसालाही आपले पैसे स्वहस्ते काढावयाचे असतात, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. हसावयाचेच तर उठावाची टिंबे काचेआड ठेवणाऱ्यास, गुळगुळीत कागदावर ती नुसती छापणाऱ्यास आणि हात पोहोचणार नाही अशा उंचीवर पाटी टांगणाऱ्यास हसावे. अशाने २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे पालन कागदोपत्री होते. वाचणारे बोट मात्र चाचपडतच राहते.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले; पुढे गावोगावी ग्रंथालयेही काढली. नुसती शाळा बांधून भागत नाही, अक्षर वाचणाऱ्याच्या हाती पडले पाहिजे, हे त्या राजाने ओळखले होते. त्याच बडोद्यात काय किंवा आपल्या किनाऱ्यावर काय, ब्रेल पाटीपुढे नारळ फोडण्यापूर्वी ती एखाद्या अंध नागरिकाकडून वाचवून घ्यावी. त्याला ती वाचता आली नाही, तर आंधळे कोण, याचा निवाडा तेथेच होईल!