माशाचं नाव तरी लिहा!

माशाच्या तोंडातून दोन काळे डोळे बाहेर बघतायत, मागे हॉररचं म्युझिक, वर कॅप्शन: 'आता मासे खायचे की नाही?' हे रील तुमच्याही फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेलं असेल. कुणीतरी मासा साफ करताना त्याचं तोंड उघडतो, आत पांढरट, इंचभर लांबीचा 'किडा' दिसतो आणि हात धुवायच्या आधी मोबाइल बाहेर येतो. माझा आक्षेप रीलला नाही. सगळा कॅमेरा त्या किड्यावर असतो आणि मासा कुठला होता हे शेवटपर्यंत कळत नाही, याला आहे.

मुळात तो किडा नाहीच. पाय मोजा. कीटकाला सहा पाय, याला पायांच्या सात जोड्या आणि प्रत्येक पायाला आकड्यासारखी वळलेली नखी. हा आयसोपॉड, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचधारी गोतावळ्यातला. घरच्या कुंडीखाली हात लावला की गोळी होऊन बसणारा तो करडा प्राणीसुद्धा याचाच जमिनीवरचा नातेवाईक. सगळ्यात गाजलेला आयसोपॉड पॅसिफिक किनाऱ्यावरचा 'सायमोथोआ एक्झिग्वा'. तो माशाची जीभ निकामी करतो आणि स्वतःच जिभेच्या जागी बसतो. ब्रुस्का आणि गिलिगन या दोन संशोधकांनी हे १९८३ मध्ये मांडलं. तेव्हापासून तोंडात सापडलेला प्रत्येक आयसोपॉड इंटरनेटवर 'जीभ खाणारा' ठरतो, मग तो रत्नागिरीच्या माशात असला तरी!

परजीवी ज्याच्या अंगावर जगतो, त्याला मराठी पाठ्यपुस्तकात 'यजमान' म्हणतात. जाम आवडतो मला हा शब्द. पाहुणा न विचारता आलाय, जेवतोय, मुलंबाळंही इथेच, आणि तरी हा यजमान! पण विनोद बाजूला ठेवला तर ओळख पटवताना हा यजमान म्हणजे अर्धं उत्तर असतो. काही जाती एकदोन प्रकारच्या माशांनाच धरून असतात, काहींना बरेच चालतात. शिवाय माशाच्या अंगावरची जागाही ठरलेली. 'नोरिलेका इंडिका' बांगड्याच्या कल्ल्यांच्या पोकळीत सापडते. 'सायमोथोआ एरेमिटा' हलव्याच्या तोंडात. 'नेरोसिला' वंशातल्या जाती बाहेरून, त्वचेला किंवा परांना चिकटलेल्या. नुसता आयसोपॉडचा क्लोजअप पाठवून 'हे काय आहे?' विचारणं म्हणजे पत्ता न लिहिता पार्सल पाठवण्यासारखं आहे.

'पण पुण्यात कुठे समुद्र?' समुद्र नाही, हे खरं. पण तो रोज बर्फात पॅक होऊन गणेश पेठेत उतरतो. बाजारभावाच्या बातमीत 'खोल समुद्रातील मासळी' असा वेगळा रकाना असतो, बघा कधीतरी. मुंबईतल्या मुलांना ओहोटीची वेळ बघून खडकांवर जावं लागतं. तिथे प्रदीप पाताडे आणि त्यांच्या मित्रांनी २०१७ मध्ये 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' सुरू केलं, आणि सामान्य लोक हाजी अलीच्या, जुहूच्या किनाऱ्यावर प्राणी बघून 'आयनॅचरलिस्ट'वर नोंदी करायला लागले. हे आपल्याला बाजारात जमू शकतं, असं माझं ठाम मत आहे. झूलॉजीच्याच मुलांना नाही, मास कॉमवाल्यांनाही.

मी विक्रेत्या काकांना विचारलं, 'तोंड उघडून बघू का?' ते म्हणाले, 'घेणार असशील तर बघ.' बरोबरच आहे. व्हायरल व्हिडिओचा फटका आपल्याला नाही, त्यांना बसतो. हा प्राणी माणसाच्या अंगात घर करत नाही, साफ करून शिजवलेल्या माशातून अपायही करत नाही. तरी 'किडे असलेले मासे' एवढंच पसरतं आणि संध्याकाळी बर्फ वितळेपर्यंत माल तसाच. म्हणून चेहरा, गाळा, बोर्ड शूट करू नका. मासा विकत घ्या आणि घरी आणून बघा.

बाजारातल्या नोंदीत एक गोची मात्र आहे. मासा मेला की आयसोपॉड कधीकधी पकड सोडतो आणि त्याच क्रेटमधल्या दुसऱ्याच माशावर चढतो. त्यामुळे बर्फात सुटा सापडलेला आयसोपॉड कितीही भारी दिसला तरी त्याचा यजमान कोण, हे सांगता येत नाही. आत घट्ट रुतून बसलेलाच खात्रीचा. तो सापडला तर लगेच उपटू नका. आधी अख्ख्या माशाचा फोटो, मग जागेचा, मग प्राण्याचा, शेजारी मोजपट्टी किंवा एक रुपयाचं नाणं. मासा कुठल्या बंदरातून आला हे विक्रेत्याला विचारा, बहुतेकांना माहीत असतं. मोठ्या आयसोपॉडजवळ छोटा दिसला तर तोही टिपा. बहुतेक वेळा मोठी मादी असते आणि छोटा नर. यांच्यात सगळे आधी नर असतात, पुढे त्यातले काही मादी होतात. पोटाखालच्या पिशवीत अंडी असतील तर शंकाच नको.

खेकडे आणले तर तेही उलटे करून बघा. पोटाच्या झाकणाखाली कधी पिवळसर गुळगुळीत पिशवी दिसते आणि आपण 'अंडी आहेत' म्हणून खूश होतो. अंड्यांचा गुच्छ दाणेदार असतो. गुळगुळीत पिशवी असेल तर तो 'सॅक्युलिना' असू शकतो. खडकाला चिकटणाऱ्या बार्नॅकलचा हा परजीवी भाऊबंद नर खेकड्यालाही मादीसारखं वागायला लावतो. यावर मात्र कुणी रील केलेलं मी पाहिलं नाही.

झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीत आहे, लोकलने जाता येतं. नुसत्या क्लोजअपवर तिथलाही अभ्यासक काय सांगणार? चार नीट फोटो आणि माशाचं नाव असेल, तर निदान बोलणं सुरू होईल. रविवारी गणेश पेठेत जाऊ नका, काकांना मान वर करायला वेळ नसतो. सोमवारी, गुरुवारी लोक वार पाळतात, तेव्हा गर्दी कमी. बांगड्यापासून सुरुवात करा. स्वस्त पडतो, आणि कल्ल्यात काही नाही सापडलं तरी तळून खाता येतो.