वजनाचा काटा आणि आईचे कार्ड

जिंतूर तालुक्यातील अंगणवाड्यांत दरमहा बालकांची वजने घेतली जातात. पूर्वी ती केवळ नोंदवहीत लिहिली जात. २०२१ पासून ती ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाईलवरील प्रणालीत भरली जातात. गावातील बालकाचा आकडा आता थेट दिल्लीपर्यंत पोहोचतो. परंतु तोच आकडा त्याच्या आईला कोणी समजावून सांगतो काय, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न निष्कारण उपस्थित केलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुजट, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३५.२ टक्के झाले. मधल्या काळात, २०१८ साली, पोषण अभियान सुरू झाले होते. नोंदी वाढल्या, उंची मात्र वाढली नाही.

वस्तुतः वाढीच्या तक्त्याची मूळ कल्पना निराळी होती. डॉ. डेव्हिड मॉर्ले या ब्रिटिश वैद्याने १९५० च्या दशकात नायजेरियातील एका खेड्यात हा तक्ता वापरात आणला, तेव्हा तो दवाखान्यात न ठेवता आईच्या हाती दिला. तिला कागदावरील रेषा चढते आहे, आडवी झाली आहे की उतरते आहे, एवढेच पाहावयाचे होते. एका महिन्याच्या वजनापेक्षा रेषेची दिशा महत्त्वाची असते. मूल अशक्त दिसू लागण्यापूर्वीच आडवी झालेली रेषा इशारा देते. आपल्याकडील माता व बाल संरक्षण कार्डातही हा तक्ता आहे. परंतु अनेक घरांत ते कार्ड लसीकरणाची तारीख पाहण्यापुरतेच उघडले जाते.

रेषा आडवी होण्याचा धोका विशेषतः सहाव्या महिन्यानंतर असतो. केवळ आईचे दूध तेव्हा पुरेनासे होते आणि वरचे अन्न एक तर उशिरा सुरू होते किंवा पाण्यासारखे पातळ दिले जाते. पहिल्या वर्षात मुलाची उंची सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात जेमतेम त्याच्या निम्मी. या दोन वर्षांत झालेली हानी पुढे भरून काढणे फार कठीण जाते. पहिलीच्या वर्गात मागे पडणाऱ्या मुलाच्या अडचणीचे एक मूळ बहुधा येथेच असते, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे. अंगणवाडीतील गरम आहार तीन वर्षांवरील मुलांना मिळतो. त्याहून लहान मुलांसाठी शिधा घरी दिला जातो आणि तो साऱ्या कुटुंबात वाटला जातो. ज्या वयात गरज सर्वाधिक, त्याच वयात व्यवस्थेची पकड सर्वांत सैल, असा हा विपर्यास आहे.

सुधारणा अशक्य आहे, असे मात्र नव्हे. कुपोषणाविरुद्धचा राज्याचा मोठा प्रयत्न मराठवाड्यातूनच उभा राहिला. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये स्थापन झाले, तेव्हा त्याचे मुख्यालय औरंगाबादेस होते. दोन वर्षांखालील खुजट बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ३९ टक्के होते, ते २०१२ च्या राज्यव्यापी पाहणीत सुमारे २३ टक्क्यांवर आले. याचे सारे श्रेय एकट्या मिशनला देता येणार नाही. तथापि पहिल्या दोन वर्षांवर लक्ष एकवटले होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

म्हणून आज नव्या यंत्रापेक्षा काही साध्या गोष्टींची निकड आहे. वजनाबरोबर उंचीही काळजीपूर्वक मोजावी. सेविकेवरील इतर कामांचा बोजा कमी करून, रेषा आडवी झालेल्या घरी त्याच आठवड्यात जाण्याइतका वेळ तिला मिळावा. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाबरोबर मुलाचे कार्डही जावे आणि कारखान्याच्या परिसरातील अंगणवाडीने त्याला आपले मूल मानावे. आणि मुख्य म्हणजे, प्रत्येक वजनानंतर आईशी पाच मिनिटे बोलले जावे. मोजमाप हा उपचार नव्हे. मोजल्यानंतर त्या मुलाच्या ताटात काय पडते, यावरच साऱ्या योजनेचे मोल ठरणार आहे.